अळणी सोमवार

रामगंज बाजारातल्या मोजडीवाल्याने माझा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला, घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, आज नाप मत दीजिए. पाँव भरा हुआ है." मग त्याने अंगठा उचलला. अंगठा गेला, पण त्याची जागा गेली नाही. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा एक उथळ खळगा माझ्या पायावर राहिला. मी त्याच्याकडे पाहत होतो, मोजडीवालाही पाहत होता. त्याच्या दृष्टीने तो चामड्याचा प्रश्न होता. आज सुजलेल्या पायाचं माप घेतलं की परवा मोजडी सैल होणार, गिऱ्हाईक परत येऊन कटकट करणार. "दो दिन बाद आइए," तो म्हणाला. मी त्याला "बरं" असं चक्क मराठीत म्हणालो, चप्पल चढवली आणि गर्दीत उतरलो. जयपूरमध्ये माझी अठरा वर्षं गेली, पण घाबरलो की मी अजून मराठीतच बोलतो.

बडी चौपडच्या चौकापर्यंत मी तीन वेळा थांबलो. एकदा एका बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा पितळी भांड्यांच्या ढिगाआड, एकदा नुसताच रस्त्याच्या कडेला. धोतराचा सोगा वर करून वाकून पाहायचं, की खळगा भरला का. लोकांना वाटलं असेल की म्हाताऱ्याचं काही हरवलं आहे. तिसऱ्या वेळी तो दिसला नाही, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी स्वतःच अंगठा दाबला आणि नवा पाडून घेतला. दसरा चार दिवसांवर आला होता, बाजारात झेंडूचे ढीग होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: आज सोमवार आहे. आज घरी शालन अळणी जेवणार. बारा वर्षं ती दर सोमवारी अळणी जेवते. ती का जेवते हे आमच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे, ती स्वतःच सांगते. पण जे ती सांगते ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच. माझी मूत्रपिंडं पुन्हा सुजली असतील, आणि या वेळी मी त्यातून उठलो नाही, तर माझ्यामागे ती उरलेले सगळे सोमवार तसेच काढील. जी चूक मुळात माझ्या जिभेवर होती तिच्यासाठी. हा विचार मला मरणाच्या विचारापेक्षा जास्त टोचत होता, असं लिहावंसं वाटतं. पण ते खरं आहे का, याची मला खात्री नाही. दोन्ही एकदमच टोचत होते.

एकोणीसशे सत्तावन्नच्या जूनमध्ये तो ताप आला. सगळ्या देशात आला होता. वर्तमानपत्रं त्याला फ्लू म्हणत, आमच्या गल्लीत लोक त्याला नुसतंच 'हवा' म्हणत. तेव्हा आम्ही किशनपोल बाजाराच्या मागे एका अरुंद गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी केंद्र सरकारच्या मीठ खात्यात कारकून होतो. सांभर सरोवराच्या आणि इतर ठिकाणच्या मिठाचे नमुने ऑफिसच्या लहानशा प्रयोगशाळेत येत. त्यांत शुद्ध मीठ किती टक्के, ओल किती, माती किती, हे अहवाल स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचे, एवढं माझं काम. ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी पडली, त्यात माझंही पडलं. पाच दिवस अंग भाजून निघालं आणि सहाव्या दिवशी ताप उतरला. मी पुन्हा पुस्तक हातात घेतलं, दोन पानं वाचली आणि आपण बरे झालो असं ठरवलं. आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी माझी मुलगी अलका, तेव्हा आठ वर्षांची, अंथरुणाशी उभी राहून माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "आई, बाबांचं तोंड मोटं झालंय. मतलब, कोणी दुसरेच बाबा आलेत." शालन हसत आली आणि मला पाहून हसायची थांबली. माझे डोळे फुगून नुसत्या फटी उरल्या होत्या. त्या दिवशी लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. ती मी कोणाला दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी तेवढीही झाली नाही, तेव्हा लाजत लाजत सांगितलं.

डॉक्टर पाटणी हळू आवाजात बोलणारे, बारीक चणीचे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. हा खळगा मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला पुस्तकं वाचायची सवय असल्यामुळे की काय, ते मी अजून विसरलो नाही. ताप आणणारा जंतू आता तुमच्या अंगात नसेलही, ते म्हणाले. पण त्याच्याशी लढायला शरीराने जे सैन्य उभं केलं, ते अजून घरी गेलेलं नाही. मूत्रपिंडं म्हणजे अतिशय बारीक गाळण्या. लढाईचा सगळा राडारोडा तिथे जाऊन अडकतो, आणि गाळणीच सुजते. मग जे जायला हवं ते जात नाही, पाणी आणि मीठ अंगात साठतं, आणि जे जायला नको ते, म्हणजे रक्त आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं सत्त्व, गळून जातं. "बहुधा असं घसा बिघडल्यावर होतं," ते म्हणाले. "नुसत्या या तापाने का झालं, हे मला नक्की सांगता येत नाही. आम्हांलाही अजून पुरतं कळलेलं नाही." डॉक्टरने आपल्याला कळत नाही असं म्हणावं, याचा मला किती आधार वाटला! जन्मभर ज्याला स्वतःच्या प्रत्येक वाक्याबद्दल शंका आली, त्याला आपल्या जातीचा कोणी भेटावा तसं. मग त्यांनी शालनकडे वळून औषध सांगितलं. खरं म्हणजे औषध फारसं नव्हतंच. सहा आठवडे अंथरूण. पाणी मोजून. डाळ कमी. रोज सकाळी लघवी उकळून पाहायची. आणि नमक बिलकुल बंद.

लघवी उकळायची कोणी? दवाखाना लांब, मला उठायची बंदी, आणि तिथे रोज बाटली घेऊन जाणार कोण? हे ऑफिसात कळलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता जिन्यावर सायकलचे चिमटे लावलेली विजार घातलेला नंदकिशोर उभा. तो आमच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट, पुरानी बस्तीत राहणारा, अस्सल जयपुरी. बोटाच्या टोकावर मीठ घेऊन जिभेला लावायचं आणि ते कुठल्या आगरातलं ते सांगायचं, ही त्याची ख्याती होती. माझी त्याची मैत्री नव्हती. माझी कोणाशीच नव्हती. मी त्याचे अहवाल उतरवत असे आणि तो मला नमस्कार करत असे, इतकंच. त्याने खिशातून परीक्षानळी काढली, स्पिरिटचा दिवा काढला, बाटली मागितली. मी भिंतीकडे तोंड केलं. माझी बाटली, माझी ती काळपट लघवी, आणि एक परका माणूस ती नळीत ओतून उजेडात धरतो आहे! मला वाटलं, यापेक्षा मेलेलं बरं. आणि तो आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "भाभीजी, चाय चढ़ाइए! एक चाय तो इधर भी उबल रही है." शालन आतून "अगं बाई!" म्हणून जी हसली, ती मला सूज आल्यापासून पहिल्यांदा हसली. नळी तिरकी धरून तो फक्त वरचा भाग तापवत असे. खालचा स्वच्छ राही, वरचा दह्यासारखा ढवळ होई. मग आम्लाचे चार-पाच थेंब. ढग विरला तर काही नाही, क्षार होते. ढग राहिला तर सत्त्व गळतं आहे. ढग रोज राहत होता. तो रोज नळी धुवायचा, पुसायचा, चहा प्यायचा आणि ऑफिसला जायचा. सहा आठवडे. एक दिवसही चुकला नाही. हे मी आज लिहितो तेव्हासुद्धा माझा हात जरा थांबतो. मी त्याच्या जागी असतो, तर गेलो असतो का?

अळणी जेवण म्हणजे काय हे ज्याने आठ-दहा दिवस सलग खाल्लेलं नाही, त्याला सांगता येणार नाही. चव नसते असं नाही. चवीच्या ठिकाणी एक भोक असतं. आमच्याकडे पान वाढताना सगळ्यांत आधी मीठ वाढतात, पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध. मग लिंबू, मग चटणी, कोशिंबीर. शालन वाईची, तिच्या हाताला ती सवय इतकी, की दर जेवणाला तिचा चिमटीचा हात माझ्या पानावर यायचा, थबकायचा आणि मागे जायचा. ती रिकामी जागा मी पाहत बसे. मऊ भात, जवळजवळ पाण्यासारखं वरण, दुधी. तीन घास खाऊन मी ताट सारत असे. चौथ्या दिवशी ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, औषधासारखं गिळा. माझ्यासाठी गिळा." मी गिळलं नाही. मी तोंड फिरवून पुस्तक वाचल्याचं सोंग केलं. आजारी माणूस दुष्ट असतो. निदान मी होतो.

पाचव्या दिवशी एकादशी आली. तिचा उपास. दुपारी तिने स्वतःसाठी वऱ्याचे तांदूळ केले, बटाट्याची भाजी केली, आणि भाजीवर सैंधव घालताना तिच्या मनात ती गोष्ट आली. माझी आई त्याला शेंदेलोण म्हणायची. जमिनीतून खणून काढलेलं, गुलाबी खड्यांचं, उपासाला चालणारं. आमच्या घरांत उपासाच्या दिवशी मिठाच्या बरणीला हात लावत नाहीत, सैंधव घेतात. मीठ वर्ज्य, सैंधव चालतं. हे ती परकर नेसायच्या वयापासून पाहत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ बंद. म्हणजे उपासाचंच की! इतकी साधी गोष्ट आपल्याला चार दिवस कशी सुचली नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला असणार. ती माझ्याकडे वाटी घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा होता. "बघा तर खाऊन," ती म्हणाली. मी पहिला घास घेतला.

तो घास अजून माझ्या तोंडात आहे. बटाटा, जिरं, तूप, आणि त्यांच्या मागून, एखाद्या खोलीत कोणी दिवा लावावा तसं ते. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी, त्याच घासात, मला कळलं. मी मीठ खात्यातला कारकून होतो. सैंधवाचे अहवाल मी माझ्या हाताने उतरवले होते. माती वजा जाता ते मीठच असतं, नव्वद टक्क्यांच्या वर, गुलाबी असो की पांढरं. ज्या दोन-चारशे लोकांना या देशात ही गोष्ट आकड्यांसकट पाठ असेल, त्यांत मी होतो. आणि मी दुसरा घास घेतला.

का बोललो नाही, याची कारणं मी बारा वर्षं जमवली आहेत. तापाने जीभ बिघडली असेल, मलाच खारट लागत असेल. तिने डॉक्टरांना विचारलं असेल. आपण फार शहाणे समजतो स्वतःला, कोण आपण? नुसते उतरवून काढणारे. आणि ती इतक्या दिवसांनी हसत होती, वाटी रिकामी होताना पाहत होती, तिला हे सांगायचं? यातलं प्रत्येक कारण थोडं थोडं खरं आहे. माझ्या स्वभावातली ही खोड मला ठाऊक आहे. मी स्वतःवर शंका घेतो ती नम्रपणाने, असं लोकांना वाटतं. पण कधी कधी शंका ही पांघरुणासारखी असते. तिच्याखाली माणूस हवं ते खात राहतो.

मी दोन आठवडे सैंधव खाल्लं. तिला वाटत होतं, मी जेवायला लागलो म्हणजे सुधारलोच. पण सूज उतरत नव्हती. शालन रोज माझ्या घोट्याभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाही. सूज उतरेल तशी गाठ पुढे सरकायला हवी होती, ती मागे येऊ लागली. डोकं ठणकायला लागलं. डॉक्टर पाटणी आले, रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. "समझ में नहीं आता," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या त्या वाक्याने मला आधार वाटला नाही. सोमवारपर्यंत फरक नाही पडला तर इस्पितळात. आणि जिन्यात ते शालनला आणखी काही म्हणाले, जे तिने मला सांगितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने अलकाला मांडीवर घेऊन फार वेळ तिचे केस विंचरले.

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

सोमवारी सकाळी नंदकिशोर आला. ढग नेहमीसारखाच राहिला. तो नळी धुवायला उठला, पुन्हा बसला. मिशी चावत त्याने पिशवीतून दोन लहान बाटल्या काढल्या, एक पिवळी, एक तपकिरी काचेची. मी त्या बाटल्या ओळखत होतो. मिठाचा नमुना आला की त्यात मीठ किती हे पाहायला तो त्याच वापरत असे. त्याने लघवीचे दहा थेंब नळीत घेतले, एक थेंब पिवळा टाकला, आणि तपकिरी बाटलीतून एक एक थेंब सोडत मोजू लागला. अंगात मीठ जात नसेल, तर एका-दोन थेंबांतच पिवळ्याचं विटकरी व्हायला हवं. "एक. दो. तीन." पिवळंच. "चार. पाँच." मी छताकडे पाहत होतो. "छह. सात." मग तो थांबला. "भाभीजी," त्याने हाक मारली, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती. "इधर आइए. इस आदमी के पेट में तो पूरा साँभर है. नमक कहाँ से आ रहा है?"

शालन दारात उभी. "नमक? एक कण नहीं दिया, नंदकिशोरजी! देवाची शपथ. बच्ची की शपथ."

"कुछ तो दिया है."

"बरणी वर ठेवली आहे, तुम्ही बघा! मी स्वतः सुद्धा यांच्यासमोर मीठ घेत नाही." तिची हिंदी संपली होती. मग एकदम तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती आत गेली आणि डबी घेऊन आली. "यह तो... यह तो नमक नहीं है ना? यह उपवास का है."

नंदकिशोरने खडा उचलला. जिभेला लावला नाही. नुसता हातात धरून राहिला. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. त्याला पुढचं सगळं कळलं, हे मला कळलं. मीठ खात्यातला कारकून. दोन आठवडे. मी डोळे मिटून घेतले. तो शालनला म्हणाला, "हो जाता है, भाभीजी. मेरी माँ भी यही करती," आणि नळी पुसायला लागला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

दुपारी डॉक्टर पाटणींना कळलं. ते वाईट माणूस नव्हते; दोन आठवडे ते स्वतःलाच दोष देत बसले असणार, तो राग बाहेर आला. "बहनजी, आपने तो इन्हें मार ही डाला था." हळू आवाजातच म्हणाले. शालन खाली मान घालून उभी होती, पदराचं टोक दोन्ही हातांत. मी चार हातांवर पडून होतो, तोंडात जीभ होती. मी काही बोललो नाही. पुढच्या सोमवारी ती स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "मी सोमवार धरला आहे. जन्मभर. अळणी." मी म्हणालो, "कशाला उगीच?" एवढंच म्हणालो.

त्यानंतर सूज उतरली. सुतळीची गाठ रोज बोटभर सरकू लागली. एका सकाळी मला भरपूर, स्वच्छ, गवताच्या रंगाची लघवी झाली, आणि सांगायला लाज वाटते, मी मोरीत उभा राहून रडलो. दोन मुठींएवढे अवयव, ज्यांच्याकडे एकोणपन्नास वर्षं मी लक्षही दिलं नव्हतं, त्यांनी मला क्षमा केल्यासारखं वाटलं. बेचाळिसाव्या दिवशी नंदकिशोरने नळी तापवली, वरचा भाग जरासुद्धा ढवळ झाला नाही. खालीवर सारखंच. तो ती नळी उन्हात धरून म्हणाला, "देखिए, काँच है, काँच!" जाताना शालन चहा आणायला आत गेली, तेव्हा तो खाली वाकून, चिमटा विजारीला लावता लावता म्हणाला, "उमाकांतजी, आपको मालूम था." तो प्रश्न नव्हता. मी मान हलवली. तो म्हणाला, "ज़बान बड़ी कमीनी चीज़ है. मैं इसी की रोटी खाता हूँ, मुझे पता है." आणि हसला. नळी त्याने माझ्या उशाशी ठेवली. "इसे रखिए. निशानी." त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही. तीन वर्षांनी त्याची गुजरातेत बदली झाली. मी त्याला आभाराचं पत्र लिहायला कितीदा बसलो असेन. मायना लिहावा, पुढची ओळ खोटी वाटावी, फाडावं. पासष्ट साली त्याच्या भावाचं कार्ड आलं. तो गेला होता. पत्र लिहायचं राहूनच गेलं, आणि त्यात काय लिहायचं हे मला तेव्हा कळलं. मी ते त्याला नव्हे, शालनला लिहायला हवं होतं.

रामगंज बाजारातून आमच्या आताच्या, बापूनगरच्या घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शालन देवाशी काहीतरी करत होती. मी कपाटातल्या पुस्तकांमागून परीक्षानळी काढली, तीत लघवी घेतली, मागच्या अंगणात गेलो, स्टोव्ह पेटवायचा काकडा स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला. नळी तिरकी धरायची, वरचाच भाग तापवायचा. नंदकिशोरचं मनगट मला आठवत होतं. बुडबुडे आले. आणि वरचा भाग हळूहळू ढवळ झाला. खालचं स्वच्छ, वर ढग. बारा वर्षांपूर्वीचाच.

आम्ल लागणार होतं. घरात आम्ल म्हणजे सिरका, अलका माहेरी आली की कांद्यावर घेते तो. तो स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. मी तसाच नळी धरून बसलो होतो, तेवढ्यात मागे पावलं वाजली.

"काय जळतंय? काकडा का घेतलात?" शालनने पाहिलं. नळी पाहिली, ढग पाहिला. ती आत गेली आणि सिरक्याची बाटली घेऊन आली. तिने ती माझ्यापुढे धरली, आणि मी बघितलं, तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी काही चुकीचं नाही घातलं हो," ती म्हणाली. "या वेळी नाही. शपथ."

बारा वर्षांनंतर तिच्या मनात पहिलं वाक्य हे आलं.

"शालन," मी म्हणालो, "तेव्हा मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सैंधव म्हणजे मीठच. पहिल्या घासाला कळलं होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कुठेतरी कबुतरं फडफडली. "पहिल्या घासाला?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या दिवसांनी हसलीस, मला वाटलं..."

"खोटं."

"चव," मी म्हणालो. "सोडवली नाही."

"हां," ती म्हणाली. "हे खरं." बाटलीचं बूच तिने काढलं होतं आणि तिचा अंगठा बाटलीच्या तोंडावर होता. "आणि डॉक्टर मला ते बोलले तेव्हा तुम्ही जागे होतात?"

"जागा होतो."

तिने मान वळवली. मला वाटलं, आता ती उठून जाईल. गेली असती तर बरोबरच होतं. तिने माझ्या हातातून नळी काढून घेतली. "किती थेंब?"

"चार-पाच."

तिने बाटली तिरकी करून मोजले. तोंडाने नाही, नुसत्या मानेने. एक, दोन, तीन. चौथ्याला ढगाच्या कडा सैल झाल्या. पाचव्याला तो मधोमध फाटला, आणि मग नव्हताच. तिने नळी उन्हात धरली. वर आणि खाली, सारखीच. उभं राहून राहून पाय भरले होते. म्हातारपण होतं, नुसतं म्हातारपण. मी म्हणालो, "काँच आहे."

"हात धुवा," ती म्हणाली. "पान वाढते."

मी पाटावर बसलो. तिने दोन पानं मांडली. तिचा चिमटीचा हात माझ्या पानावर आला, वरच्या बाजूला, मधोमध, थबकला, आणि मागे गेला. मग तिने तीच चिमूट आपल्या पानात वाढली. पांढऱ्या मिठाचा छोटासा ढीग, नीट, टोकदार.

"आज सोमवार आहे," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे वार." तिने भात कालवला, बोटाने मीठ घेतलं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. "सहाशेवर सोमवार झाले असतील माझे," ती म्हणाली. "आता पुढचे तुमचे. आणि तोंड वाकडं केलेलं चालायचं नाही."

"नाही करणार."

"जेवा मग."

मी वरणभात कालवला. चवीच्या जागी ते जुनं भोक होतं, तसंच. पण मी त्यात सावकाश उतरलो, तशी त्याच्या तळाशी एक एक गोष्ट सापडायला लागली: तूप, जिरं, तांदळाचा स्वतःचा गोडवा, आणि समोर बसून मीठ खाणारी बाई. मी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. वरच्या बाजूची मधली जागा तेवढी कोरडी राहिली.